गुडघ्याच्या खाली नाही

"गुडघ्याच्या खाली हात लावायचा नाही," गद्रे बाई म्हणाल्या. "पाठ कर, खांदे कर, मान कर. पाय आज राहू देत."

बाई दारात उभ्या होत्या. एका पायात चप्पल घातलेली, दुसरी पायानेच ओढून घेत होत्या. खाली रिक्षा थांबली होती. शाहूपुरीत अर्धांगवायू झालेल्या एक आजी होत्या, त्या कुणालाच कुशीवर वळवू देत नव्हत्या. त्यांच्या सुनेचा फोन येऊन गेला होता आणि बाईंना जाणं भाग होतं.

"का, बाई?"

"डावी पोटरी गरम लागतेय. थोडी सुजलीय पण. मी त्यांना सांगितलंय, इथून उठले की सरळ डॉक्टरांकडे जायचं. खरं तर आत्ताच पाठवायला हवं होतं. पण पाठ इतकी आखडलीय, माणसाला धड उभं राहता येत नाही. तेवढी मोकळी कर आणि पाठव."

"बरं."

"वैजू, नीट ऐकलंस ना?"

"ऐकलं बाई."

१९९९ सालचा फेब्रुवारी होता, सतरा तारीख, बुधवार. साताऱ्यात सदर बझारातल्या एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर बाईंचं केंद्र होतं. दोन खोल्या, एक व्हरांडा. मी चोवीस वर्षांची होते. बीएस्सी दुसऱ्या वर्षाला सोडली होती आणि बाईंकडे फोन घ्यायला, चादरी बदलायला लागले होते. पुढे बाईंनी मला शिकवायला घेतलं, त्याला दोन वर्षं झाली होती.

बाई चार वर्षं जपानात राहिलेल्या होत्या. यजमान तिथे एका यंत्रांच्या कारखान्यात होते. घरी एकटं बसून काय करायचं म्हणून बाई शिआत्सू शिकल्या, आणि मग तेच त्यांचं आयुष्य झालं. शिआत्सू म्हणजे बोटांचा दाब. तेल नाही, कपडे काढणं नाही. जमिनीवर गादी घालायची, माणसाला झोपवायचं आणि अंगठ्यांनी, तळव्यांनी, कधी कोपराने किंवा गुडघ्याने शरीरभर ठरलेल्या वाटांवर दाब देत जायचं. बाईंना 'दाब देणं' हा शब्द मात्र आवडत नसे. "दाबायचं नाही, टेकायचं," त्या म्हणत. "आपलं वजन सोडायचं, तेही समोरच्याच्या श्वासाबरोबर. तो श्वास सोडतो तेव्हा आपण आत जायचं, तो घेतो तेव्हा मागे यायचं." गुडघा दुखतो म्हणून आलेल्या माणसाला त्या झोपेचं विचारत, भुकेचं विचारत, घरात कोण कोण आहे ते विचारत. मग पोटावर हात ठेवून डोळे मिटत. पोटाला सगळं कळतं, असं त्यांचं म्हणणं. कुठे रिकामं लागतं, कुठे भरलेलं, ते पाहून त्या कुठून सुरुवात करायची ते ठरवत.

आणि दोन हातांचा नियम होता. एक हात काम करतो, दुसरा एका जागी शांत ठेवायचा. त्या हाताने फक्त ऐकायचं. त्याला त्या आईचा हात म्हणत.

त्याच आठवड्यात, सोमवारी, पुण्याहून त्यांच्या ओळखीच्या एक बाई आल्या होत्या. त्यांच्यासमोर बाई माझ्याबद्दल म्हणाल्या, "वैजूच्या हातात जोर आहे. पण हाताला अजून कान नाहीत." दोघी हसल्या. मी चहाचे कप उचलत होते. त्या वाईट हेतूने बोलल्या नव्हत्या. पण ते वाक्य मी घरी घेऊन गेले आणि दोन रात्री उशाशी घेऊन झोपले.

त्या बुधवारी गादीवर हणमंत शेडगे होते. एसटीचे ड्रायव्हर, वय पंचेचाळीसच्या आसपास, सातारा-बोरिवली गाडीवर ड्यूटी. तीन आठवड्यांपूर्वी केबिनमधून उतरताना त्यांचा डावा घोटा मुरगळला होता. पट्टी बांधून ते पंधरा दिवस खाटेवर पडून होते आणि चार दिवसांपूर्वी परत गाडीवर गेले होते. बाईंनी त्यांना तपासताना मी शेजारी बसले होते. बाईंनी पोट बराच वेळ पाहिलं, खोल टेकून पाहिलं. मग मांड्यांवरून खाली येत पोटरीपाशी त्यांचा हात थांबला आणि त्यांनी तो उचलला.

बाई गेल्यावर मी त्यांना पालथं झोपवलं आणि पाठ केली. पाठ लाकडासारखी होती. अर्ध्या तासाने कमरेचे स्नायू सैल पडले आणि त्यांनी लांब सुस्कारा टाकला.

"ताई, तुमच्या हातात बाईंपेक्षा जोर हाय बरं का," ते उशीत तोंड घालूनच म्हणाले.

"बाईंना सांगू नका हं."

"न्हाई सांगत." ते हसले. "खरं सांगू, मी येणारच नव्हतो. आज सुट्टी, घरी झोपून काढायचा बेत होता. पण आमच्या घरात अंगणवाडीवाल्या बाईचं राज्य. तुमच्या बाई गेल्या साली तिच्या शिबिराला आल्या होत्या. तवापासनं मागं लागली हुती, जावा जावा म्हणून. सकाळी डबा भरला आणि दारापर्यंत सोडायला आली."

"बरं केलं त्यांनी."

"पाठ हलकी झाली बघा. आता त्या पोटरीचं तेवढं बघा की. खरं दुखणं तितं हाय."

"बाईंनी पाय नको म्हटलंय. तुम्हाला डॉक्टरकडे जायचंय ना."

"जातो की. पण त्ये क्लचच्या पायाचं दुखणं हाय. आमच्या डेपोत सगळ्यांचंच तसं. घाटात शंभर डाव क्लच मारायचा, मग पाय धरणारच. डॉक्टर काय, गोळी देणार. जरा हात फिरवा नुसता."

मी नाही म्हणायला हवं होतं. मी पोटरीवर हात ठेवला. ती मला तेवढी गरम वाटली नाही. उजवीपेक्षा घट्ट होती, एवढंच. क्लचचा पाय म्हटल्यावर ते मला पटलं. मनात आलं, बाई उगाच घाबरल्या. आणि दुसरंही आलं. आज हा पाय मी मोकळा करून दाखवला, तर सोमवारचं ते बोलणं बाईंना मागे घ्यावं लागेल.

आधी मी अंगठ्यांनी गेले, घोट्यापासून वर. त्यांना बरं वाटत होतं. "हां, तितंच," ते म्हणाले. मग मी गुडघे टेकवले. पालथ्या माणसाच्या पोटऱ्यांवर गुडघ्यांनी वजन सोडायचं, हे बाईंनीच शिकवलं होतं. उजव्या पोटरीवर थोडा वेळ, डावीवर बराच. दहा मिनिटं असतील. माझे दोन्ही हात माझ्याच मांड्यांवर होते. त्यांच्या अंगावर ऐकणारा हात कुठेच नव्हता.

"आता बरं वाटतंय," ते म्हणाले.

ते उठून बसले, पाणी प्यायले. मी चादर काढली. व्हरांड्याच्या पायरीवर बसून ते सँडलचा पट्टा लावत होते. मी दाराशी उभी राहून त्यांना पुढच्या बुधवारची वेळ सांगत होते.

"ताई," ते म्हणाले, "जरा दम लागल्यासारखं व्हतंय."

मी हसून म्हटलं, "उठल्यावर होतं तसं. बसा दोन मिनिटं."

त्यांनी छातीवर हात ठेवला. कपाळावर घाम एकदम फुटला, ओघळायला लागला. ओठांचा रंग बदलताना मी पाहिला. मग ते बाजूला कलंडले. खालच्या मजल्यावरचे काका आणि मी, आम्ही दोघांनी त्यांना रिक्षात घातलं. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. पोवई नाक्याच्या अलीकडे त्यांचा श्वास थांबला. काका रिक्षावाल्याला घाई करत होते आणि मला सांगताही आलं नाही की आता घाई नको.

इस्पितळाच्या बोळात भिंतीला लावलेलं एक बाकडं होतं. मी त्यावर बसले होते. बाई आल्या तेव्हा त्यांच्या साडीच्या निऱ्या सुटत आल्या होत्या. त्या माझ्यासमोर जमिनीवरच बसल्या आणि माझे दोन्ही हात हातात घेतले.

"वैजू, पायाला हात लावलास?"

"नाही."

"खरं सांग. मी रागावणार नाही."

"नाही बाई. पाठ केली फक्त. आणि खांदे."

पहिलं 'नाही' माझ्या तोंडून आपोआप गेलं. दुसरं मी विचार करून म्हटलं.

बाईंनी माझे हात सोडले आणि स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "मग माझ्याच हातून झालं," त्या हळू म्हणाल्या. "मी पोट एवढं खोल पाहिलं. मांड्या दाबल्या. पोटरी गरम लागली तेव्हाच उठवायला हवं होतं त्यांना."

शवविच्छेदनात निघालं की पायातल्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती, ती सुटून फुप्फुसात गेली. हवालदार जबाब घ्यायला आला. बाईंनी त्याला सगळं सांगितलं, स्वतःवर घेऊनच सांगितलं. "ह्या मुलीनं फक्त पाठ केली," त्या म्हणाल्या. मी त्याखाली सही केली.

शालन शेडगे संध्याकाळी आल्या. अंगणवाडीतून तशाच, पदराला खडूची पांढरी बोटं लागलेली. त्या रडत नव्हत्या. येईल त्याला, हवालदाराला, डेपोतल्या माणसांना, एकच सांगत होत्या. "ते नको म्हणत होते. मीच पाठवलं."

पोलिसांनी आकस्मिक मृत्यूची नोंद केली. इथे गोष्ट संपली असं सगळ्यांना वाटलं.

बाईंनी केंद्र बंद केलं. त्या गाद्या बांधत होत्या तेव्हा मी मदतीला गेले होते. "दुसरं कुणी शिकवेल तुला, पुण्यात आहेत," त्या म्हणाल्या. मी नको म्हटलं. एका झेरॉक्सच्या दुकानात नोकरी धरली. यंत्राचं झाकण उघडायचं, कागद ठेवायचा, झाकण मिटायचं. माणसाला हात लावायची वेळ येत नव्हती.

मी बाईंकडे जात राहिले. न जाणं वाईट दिसलं असतं. दर वेळी त्या मला तेच विचारत.

"कुशीवर वळताना त्यांना त्रास झाला का?"

"नाही बाई."

"श्वास कसा होता? मी निघाले तेव्हा वरवरचा होता का?"

"चांगला होता."

"पोटात डाव्या बाजूला मला काहीतरी लागलं होतं. तेव्हा वाटलं, अन्न असेल. मी तिथे परत परत टेकले, वैजू. तिथूनच सुटली असेल का ती गाठ?"

"मला काय माहीत, बाई."

खरं तर ज्यांना विचारायचं त्या सगळ्यांना त्यांचं विचारून झालं होतं. साताऱ्यातले दोन डॉक्टर, पुण्यातले एक. तिघांनीही सांगितलं होतं की पोट पाहिल्याने असं होणं कठीण आहे. बाईंना ते पटत नव्हतं. कारण त्यांच्या हिशेबात त्यांच्याशिवाय दुसरा हातच नव्हता.

दर महिन्याच्या सतरा तारखेला त्या शालन शेडग्यांकडे जात. कोरेगाव रस्त्याला एक वस्ती होती, तिथे. एकदा मी विचारलं, "तिथे जाऊन काय करता?"

"बसते. ती चहा करते. ती म्हणते, मी पाठवलं नसतं तर. मी म्हणते, मी झोपवलं नसतं तर. मग मी उठते."

चौदा महिने असे गेले. एप्रिलमध्ये एका दुपारी मी गेले तेव्हा दार उघडायला बाईंना वेळ लागला. उजवा हात त्यांनी पोटाशी धरलेला होता. खांदा आखडला होता. महिनाभर वेणी घालता येत नव्हती. त्यांनी केस कापून टाकले होते. मानेपर्यंत, वेडेवाकडे, घरीच कापलेले.

"बाई, बसा. मी खांदा बघते."

"नको."

"दहा मिनिटं. बाई, असं किती दिवस धरून बसणार?"

"वैजू, नको म्हटलं ना." त्या खुर्चीत बसल्या. "मला आता कुणाचा हात अंगाला लागला की भीती वाटते. माझा लागला तरी वाटते. परवा शेजारची पोर पडली, रडत आली. मी तिला उचललं नाही. नुसती उभी राहिले. पस्तीस वर्षं मी हातांवर विश्वास ठेवला. गरम लागलं, हे त्यांनी मला बरोबर सांगितलं होतं. आणि तरी त्याच हातांनी मी माणूस मारला. आता त्यांचं ऐकायचं कसं?"

मी त्यांच्या केसांकडे पाहत होते. मानेवर एका बाजूला कात्री लागून लाल झालं होतं.

"तुम्ही नाही मारला," मी म्हटलं. "मी पोटरी दाबली होती."

बाई हलल्या नाहीत.

"तुम्ही गेल्यावर. ते म्हणाले म्हणून. नाही, ते म्हणाले म्हणून नाही. मला दाबायची होती."

स्वयंपाकघरात कुकर होता. त्याची एक शिट्टी झाली. बाई उठल्या नाहीत. दुसरी झाली.

"कशानं? अंगठ्यानं?"

"आधी अंगठ्यानं. मग गुडघ्यानं."

"किती वेळ?"

"दहा मिनिटं."

"आईचा हात कुठे होता?"

"नव्हता."

कुकरची तिसरी शिट्टी झाली तेव्हा बाई आत गेल्या, गॅस बंद केला आणि तिथेच ओट्याशी उभ्या राहिल्या. मला त्यांची पाठ दिसत होती. मला वाटलं, त्या रडतील किंवा मला मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मी तुला विचारलं होतं," आतूनच त्या म्हणाल्या. "जमिनीवर बसून विचारलं होतं."

"हो."

"त्यानंतर किती वेळा विचारलं, श्वास कसा होता, वळले कसे. तू उत्तरं देत होतीस."

"हो."

"मी विचार करत होते की मी म्हातारी झाले, माझे हात मेले. आणि तू समोर बसून चहा पीत होतीस." आवाज चढला नव्हता. "तुझ्या हातून चूक झाली, ती माझ्याही हातून झाली असती. शिकताना होते. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण तू चौदा महिने माझ्या घरी येत राहिलीस, वैजू."

बाई बाहेर आल्या आणि त्यांनी दाराची कडी काढली.

"उद्या शालनकडे जा. तिला सांग. मी बरोबर येणार नाही. आणि मग इथे परत येऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी मी कोरेगावच्या गाडीत बसले. त्या वस्तीच्या थांब्यावर उतरले तेव्हा अकरा वाजले होते. शालनबाईंचं घर एका खोलीचं, पुढे पत्र्याची पडवी. अंगणवाडी सुटली होती आणि त्या पडवीत बसून शेंगा फोडत होत्या. मला त्यांनी ओळखलं.

"बाईंनी पाठवलं का? बऱ्या आहेत न्हवं?"

"त्यांनीच पाठवलं. मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

मी उभ्यानेच सांगितलं. बसले असते तर सांगता आलं नसतं. बाईंनी नको म्हटलेलं, शेडग्यांनी पोटरीचं म्हटलेलं, मी केलेलं, आणि इस्पितळात मी बोललेलं खोटं. सोमवारचं चहाच्या कपांचंही सांगितलं. बोलताना मध्येच लक्षात आलं की शेंगा फोडण्याचा आवाज थांबलाय.

 शालनबाईंनी सूप बाजूला सरकवलं. पडवीत अंथरलेल्या पोत्यावर त्या पालथ्या झोपल्या. साडी डाव्या पायावरून गुडघ्यापर्यंत वर ओढून घेतली.

"दाखवा," त्या म्हणाल्या. "कसं दाबलं ते दाखवा."

"नको, शालनबाई."

"मला बघायचंय. चौदा महिनं झालं, मी रोज बघतीय. पण मला दिसत न्हाई. दाखवा."

मी त्यांच्या पायाशी बसले. पोटरी बारीक होती, घोट्यापाशी भेगा पडलेल्या, मातीचा रंग. मी अंगठे ठेवले. चौदा महिन्यांत माणसाला पहिला स्पर्श. घोट्यापासून वर गेले. एकदा, दोनदा.

"असंच?"

"आधी असं. मग गुडघ्यानं."

"मग करा की."

मी गुडघा टेकवला. वजन सोडलं नाही.

"एवढंच सोडलं हुतं वजन?"

"नाही."

"मग जेवढं सोडलं तेवढं सोडा."

मी सोडलं. त्यांचा श्वास अडकल्याचं मला कळलं.  पोत्याची कड त्यांनी मुठीत धरली होती. पुढून एक बाई कळशी घेऊन गेली, तिने आमच्याकडे पाहिलं आणि चालत राहिली. किती वेळ गेला माहीत नाही. मी गुडघा काढला.

"ते काय म्हणाले?" शालनबाईंनी तशाच पालथ्या पडून विचारलं.

"आता बरं वाटतंय, म्हणाले."

"खरं सांगा."

"खरं. तेच शब्द."

"माझं काय बोलले?"

"म्हणाले, अंगणवाडीवाल्या बाईचं राज्य आहे घरात. सकाळी डबा भरला आणि दारापर्यंत सोडायला आली, म्हणाले."

त्यांनी तोंड पोत्यात खुपसलं. खांदे हलत होते, आवाज मात्र येत नव्हता. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. त्या खांद्यांवर ठेवायचा हक्क या हातांना उरला नव्हता.

काही वेळाने त्या उठल्या, साडी सारखी केली, तोंड धुतलं. बाहेर आल्या तेव्हा पायात चप्पल होती.

"चला."

"कुठं?"

"पोलिसांत. मी तितं लिहून दिलंय, मी पाठवलं म्हणून ते गेले असं. बाईंनी लिहून दिलंय, त्यांच्या हातानं झालं म्हणून. दोन्ही खोटं हाय. ते बदलायचं."

पुढे मी जबाब बदलला. खटला उभा राहिला, पाच वर्षं चालला. डॉक्टर पिंजऱ्यात उभे राहून म्हणाले की गाठ दाबल्यानं सुटली की उठून उभं राहिल्यानं, हे खात्रीनं सांगता येणार नाही. कोर्टाने मला सोडलं. बाई तोवर मुलाकडे बडोद्याला गेल्या होत्या. त्यांना मी दोन पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही. त्या पुन्हा कुणाला हात लावायला लागल्या की नाही, हे मला कधी कळलं नाही. मी आता कऱ्हाडला एका वृद्धाश्रमात काम करते. म्हाताऱ्यांना कुशीवर वळवते, आंघोळ घालते. पाय दुखतो म्हणून कुणी दाबायला सांगितलं की आधी डॉक्टरना बोलावते. सगळे माझ्याबद्दल म्हणतात, निकम बाई फार भित्र्या आहेत.

पण मला आठवतो तो त्या दिवशीचा प्रवास. गाडीत आम्ही दोघी एकाच बाकावर बसलो होतो. कंडक्टर शेडग्यांच्याच डेपोतला होता. त्यानं शालनबाईंना नमस्कार केला, तिकिटाचं विचारलं नाही. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "आणि या, वहिनी? पाहुण्या का?" शालनबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मी पैसे काढून माझं तिकीट घेतलं.  वळणावर गाडी कलली की त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागायचा. त्यांनी तो काढून घेतला नाही.

पोलीस ठाण्यात दुपारची वेळ होती. हवालदार डबा खाऊन नुकताच बसला होता. तोच होता, जबाब घेतलेला. त्यानं शालनबाईंना खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत.

"जुन्या कागदात बदल करायचाय," त्या म्हणाल्या.

"कसला बदल, बाई? ते प्रकरण मिटलं की." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "आणि या कोण तुमच्या?"

शालनबाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. पहिल्यांदाच, नीट. मला वाटलं त्या म्हणतील, हिनंच मारलं.

"माझ्या मालकांच्या अंगाला शेवटचा हात हिचा लागलाय," त्या म्हणाल्या. "तेवढं लिवा. बाकीचं ती सांगंल."

हवालदारानं पेन उघडलं, कागद पुढे ओढला. त्यानं ते लिहिलं नाही. माझं नाव विचारलं, वय विचारलं. मी सांगितलं.